युरोप आणि आशियाचा धुरा

आमच्या बाबांचा आणि काकांचा अबोला मोडला तो युरोपमुळे. हे मी कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसू देत. बाभुळगावजवळच्या आमच्या गावात युरोप पाहिलेला माणूस एकही नव्हता, पण त्या वर्षी युरोपचे जेवढे उपकार आमच्यावर झाले तेवढे सख्ख्या पाहुण्यांचे झाले नाहीत.

कापसाचे ते वाईट दिवस होते. चावडीवर कापसाचं नाव निघालं की माणसं गप्प व्हायची किंवा एकदम तावातावाने बोलायला लागायची. काकांनी कुठून तरी सोयाबीनचं ऐकून आणलं. तीन-साडेतीन महिन्यांत पीक हाती, मग त्याच रानात हरभरा. बाबा म्हणाले, "कापूस सोडून आपुन करू काय?" काका म्हणाले, "पोट भरू." एवढ्यावरून पेटलं. दोघेही एका आईची लेकरं, म्हणजे ऐकायचं कुणीच नाही. उन्हाळ्यात वाटणी झाली.

वाटणी कशी, तर तराजूत घालून करावी तशी. शेताच्या मधोमध नवा धुरा, म्हणजे बांध, घातला. अंगणात बांबूचा तट्टा उभा राहिला, अलीकडे आम्ही, पलीकडे काका-काकू. बैलबंडी काकांकडे, विहीर आमच्याकडे. पेरायची तिफण काकांकडे, जू आमच्याकडे. आणि बैल? बैलही अर्धेअर्धे. लाल्या आमचा, पांढऱ्या त्यांचा. जोडी फोडू नये हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. एकाला जोडी द्यायची, दुसऱ्याला गाय आणि वर काहीतरी, अशी रीत आहे. पण आमच्या घरात रीत सांगायला जाणार कोण? पंचांनी तोंड उघडलं आणि दोन्हीकडून शिव्या खाऊन मिटलं.

माझं दुःख वेगळंच होतं. काकूंना मूलबाळ नव्हतं, मी त्यांच्याच कुशीत वाढले होते. त्या यवतमाळच्या, वडील कचेरीत, म्हणून त्यांचं इंग्रजी चांगलं. माझा अभ्यास रोज त्याच घ्यायच्या. आता तट्ट्यातून वाटीभर अंबाडीची भाजी इकडून तिकडे जायची, जावाजावांचं काही बिघडलं नव्हतं, पण मी गेलेलं बाबांना चालत नव्हतं. मला त्या तट्ट्याचा इतका राग होता की येताजाता मी त्याला लाथ मारायची.

काका मात्र एक सवय सोडायला तयार नव्हते. संध्याकाळी ते पलीकडून ओरडायचे, "काय शिकोलं आज?" आणि मी अलीकडून मोठ्याने सांगायची. बाबा ओसरीवर दोर वळत बसायचे, काही ऐकू येत नसल्यासारखे.

जून सरत आला, पाऊस पडून गेला आणि रानाला वापसा आला. वापसा म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, पेरायला नेमकी. तो दोन-चार दिवसच टिकतो, आणि त्या दिवसांत गावात रिकामी जोडी औषधालाही मिळत नाही. बाबांनी शेजाऱ्याचा एकटा बैल मागून आणला. तो बुटका, लाल्या उंच. जू तिरपं झालं, वखर वाकडा चालला आणि लाल्या रागाने मटकन बसलाच. काकांचीही तीच गत. पांढऱ्या परक्या बैलाच्या बाजूला उभाच राहीना. गाव पेरत होतं आणि आमची दोन्ही रानं तशीच पडून होती. आई रात्रीचं जेवण निम्मं ठेवून उठायची. हा वापसा गेला की वर्ष गेलं, हे मलाही कळत होतं.

अशातच शाळेत भूगोलाचा पहिला धडा झाला. खंड. आमचे सर भूगोल आणि इंग्रजी दोन्ही शिकवायचे, कारण दुसरा शिक्षक आलाच नव्हता, त्यामुळे एका विषयातून दुसऱ्यात त्यांची सहज ये-जा असायची. त्यांनी फळ्यावर 'कॉन्टिनेंट' लिहिलं आणि म्हणाले, हा लॅटिनमधून आला. मुळात अर्थ एकत्र धरून ठेवणं. म्हणून कॉन्टिनेंट म्हणजे सलग, एकमेकीला धरून असलेली जमीन. मला गंमत वाटली. आपल्याकडे खंड म्हणजे तुकडा, आणि आमच्या गावात तर खंड पडायचा तो फक्त पावसाचा, आणि तो पडू नये म्हणून नवस बोलायचे. एकाच जमिनीला त्यांनी जोडलेली म्हटलं आणि आपण तुटलेली.

संध्याकाळी पलीकडून हाक आली. "काय शिकोलं?"

"खंड. सात आहेत."

"मोज."

मोजले. सरांनी सांगितलेला अर्थही सांगितला.

"अस्सं. मंग युरोप अन् आशियाच्या मधात कोणता समुद्र हाय?"

"समुद्र नाही काका. उरल पर्वत आहे."

"पहाडावरून तं बंडीबी जाते. मंग ते दोन काहून?"

मी हाच प्रश्न सरांना विचारला होता. "सर म्हणाले, जमीन एकच आहे. माणसांनी दोन ठरवले."

"ठरोले तं ठरोले. ज्याचा त्याचा कारभार अलग असन. दोन म्हंजे दोन!"

बाबांचा हात थांबला. दोर सुटून उलगडायला लागला. तट्ट्याकडे बघत ते म्हणाले, "जमीन एक हाय, तं खंड दोन कसे?"

उन्हाळ्यापासून त्यांनी त्या दिशेने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. आतली आई भाकरी थापायची थांबली.

मग काकांचा आवाज आला, पण माझ्यामार्फत. "तुया पुस्तकात सात लिवले का सहा, ते पाह्य म्हन त्याले."

"पुस्तकवाल्यानं रान पाह्यलं हाय का कधी?" बाबा म्हणाले.

मला काय सुचलं कोण जाणे, तेल ओतायची मला पहिल्यापासून हौस. मी म्हटलं, "इंग्रज तर स्वतः बेटावर राहतात आणि समोरच्या युरोपला कॉन्टिनेंट म्हणतात. जणू आपण त्यातले नाहीच."

"त्यायच्या मधात पाणी तं हाय!" बाबा उठूनच उभे राहिले. "इथं तं पाणीबी नाई!"

"पाणी नाई, पन मानूस आयकत नाई ना!" काकाही उठले असावेत, कारण आवाज तट्ट्याच्या वरून आला. "कापूस, कापूस, कापूस! दुसरं कायी आयकाचंच नाई!"

"मंग पेर ना सोयाबीन! कोन नाई म्हनते? पन बैल काहून सोडोला?"

"तूच म्हनला अर्धंअर्धं!"

"मी जमिनीचं म्हनलो होतो! जोडीचं म्हनलो नोतो!"

हे बोलताना बाबांचा आवाज फुटला. इतके महिने त्यांच्या मनात अडकलेलं ते एवढंच होतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघवलं नाही. उलगडलेला दोर बाबांच्या पायाशी पडला होता.

मग पलीकडून काकूंचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा. "वापसा उद्यापुरता हाय. भांडन परवाबी करता येते."

सकाळी बाबांनी जू खांद्यावर घेतलं, लाल्याला सोडलं आणि रानाकडे निघाले. मी वखराची दोरी धरून मागे. धुऱ्यापाशी काका पांढऱ्याला घेऊन उभे होते. काकांनी पांढऱ्याला पुढे केलं आणि तो स्वतःच आपल्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. लाल्याने त्याच्या मानेला मान घासली. बाबांनी जू चढवलं. ते सरळ बसलं.

पेरणीआधी वखराची एक पाळी द्यावी लागते, पावसावर उगवलेलं तण कापायला. बाबांनी आमच्या टोकाकडून सुरुवात केली. काका त्यांच्या रानात वाकून धसकटं वेचत होते, पाठ आमच्याकडे. बैल असे चालले होते की मागून बघताना मला हसू येत होतं आणि रडूही.

पहिलं तास, म्हणजे वखराची पहिली ओळ, धुऱ्यापाशी आलं. धुरा कसला, उन्हाळ्यात ओढलेली घोट्याएवढी माती. बाबांनी कासरा ओढला. बैल थांबले. जोडी वळवून परत फिरायची म्हणून त्यांनी वखर उचलला.

काका वेचता वेचता सरळ झाले. हातातली धसकटं त्यांनी खाली टाकली.

"थांबला काहून, भाऊ?" ते म्हणाले. "पुढंबी आपलंच हाय."

बाबांनी डोळे पुसले की घाम, मला माहीत नाही. त्यांनी उचललेला वखर पुन्हा खाली टेकवला, त्यावर पाय दिला आणि बैलांना हाक मारली. धुऱ्याची माती वखराच्या लोखंडी पासेखाली मोकळी झाली.

त्या वर्षी अर्ध्या रानात कापूस झाला, अर्ध्यात सोयाबीन. मी नकाशात युरोप आणि आशिया एकाच रंगाने रंगवले. सरांनी एक गुण कापला.