तीन दोऱ्यांचं अत्तर

पनवेलच्या अझीझचाचांनी मला फसवलं. एकदा नाही, वर्षानुवर्षं. एकच अत्तर तीन शिश्यांत भरून त्यांनी मला तीन अत्तरं म्हणून विकलं. आणि ज्याच्याशी भाव करताना खदानवाले आणि बिल्डर घाम पुसतात, तो मी दर वेळी त्यांचे आभार मानून घरी गेलो. हे मी उघड लिहितो आहे. माझ्या गावात, गव्हाणात, राहिलेल्यांनी वाचावं, माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी वाचावं, आणि चाचांनी तर वाचावंच.

मी गव्हाण सोडलं तेव्हा आमचं मिठागर नुकतं बंद पडलं होतं. मोठा भाऊ, आमचा दादूस, घरी थांबणार आणि मी पनवेलला जाऊन काहीतरी बघणार, असं ठरलं. फाट्यावर सहासीटर रिक्षा उभी होती. बाबा बोलणारे नव्हते, पण त्या दिवशी एक वाक्य बोलले, "घेताना तागडी बघ, मानूस बघू नको." आयेने माझा हात धरला आणि नाकाशी नेला. ही तिची लहानपणापासूनची सवय. जेवायला बसण्याआधी आमच्या हातांचा वास घ्यायची. खाडीकाठच्या खाजणातला चिखल नुसत्या पाण्याने जात नाही, हे तिला माहीत होतं आणि आम्ही खोटं बोलतो हेही. त्या दिवशी मी साबण लावून आलो होतो. तरी ती म्हणाली, "अजून वास हाय." आणि हात सोडला.

गव्हाण ते पनवेल, याला कोणी स्थलांतर म्हणतं का, असं मला मस्कतला गेलेले मित्र हसून विचारतात. त्यांना सांगतो, अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. मी सकाळी निघून संध्याकाळी परतू शकत होतो, आणि महिनोन् महिने परतलो नाही. विमानाचं तिकीट नाही मिळालं, अशी सबबसुद्धा मला नव्हती.

आधी दुसऱ्याच्या डंपरवर होतो, मग रेती-खडीचा पुरवठा स्वतःचा केला. एका बिल्डरच्या ऑफिसात पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा थेट खदानीवरून गेलो होतो. एसी केबिन, काचेचं टेबल. मी खुर्चीत टेकायच्या आत मागे फुस्स आवाज झाला. रिसेप्शनवरची बाई माझ्या पाठीमागे रूम फ्रेशनर मारत होती. मी वळून बघितलं तर ती माझ्याकडे न बघता छताकडे बघत होती. त्या दिवशी मी त्या बिल्डरला एक पैसा कमी केला नाही आणि जिना उतरल्यावर ठरवलं, पुन्हा कोणाच्या हातात तो डबा दिसता कामा नये.

वाशीच्या मॉलमध्ये जाऊन भारीतल्या बाटल्या आणल्या. विकणारा पोरगा इंग्रजीत म्हणाला की दिवसभर टिकेल. आमच्या दमट हवेत आणि डंपरच्या केबिनमध्ये तो वास जेवणाच्या सुट्टीपर्यंतही पोचायचा नाही. बाटली परत न्यायला गेलो तर म्हणे उघडलेली घेत नाही. तिथे केलेला तमाशा अजून काही जणांना आठवत असेल.

अझीझचाचांचं दुकान उरण नाक्याच्या आतल्या गल्लीत होतं. दुकान म्हणजे एक कपाट, एक बैठक आणि चाचा. पांढरा झब्बा, डोळ्यांत सुरमा आणि तोंडात गिऱ्हाइकाची फिरकी. आपण शहाणे आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवायची त्यांना गरज वाटत नसे. मी विचारलं, टिकणारं काय आहे? त्यांनी उत्तर दिलं नाही. माझा धंदा काय, उन्हात किती असतो, घाम किती येतो, तिखट किती खातो, हे सगळं विचारून घेतलं. मग काचेच्या काडीने माझ्या मनगटावर एक थेंब लावला. मी सवयीने दुसरं मनगट त्यावर घासायला गेलो तर हातावर चापट मारली. घासलं की अत्तर चिरडतं, म्हणाले. आणि मला दुकानाबाहेर काढलं. आज विकणार नाही. हिंडा, भांडा, जेवा, झोपा, उद्या या.

माल दाखवून न विकणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तावातावाने गेलो आणि सांगितलं की कालच संध्याकाळी वास उडाला. चाचांनी समोरच्या शिंप्याला हाक मारली आणि माझं मनगट त्याच्या नाकाखाली धरलं. शिंपी म्हणाला, आहे की, चांगला आहे. चाचा मला म्हणाले, "अत्तर जागं आहे, म्हात्रेशेट. तुमचं नाक झोपलंय. सोबत राहणाऱ्याचा वास माणसाला येत नाही."

मला वाटलं, शिंपी यांचाच माणूस.

मग भाव सुरू झाला. खरं तर चाचांनी भाव सांगायच्या आधी एक वेगळंच सांगितलं. हेच एक घ्या, तुमच्या अंगाला बसलंय, बारा महिने, कुठेही, दुसरं काही लागणार नाही. हे ऐकून माझ्या डोक्यात घंटा वाजली. दुकानदार एकच घ्या म्हणतो, याचा अर्थ बाकीचा चांगला माल तो दुसऱ्यासाठी झाकून ठेवतोय. मी आवाज चढवला. सौद्याला जायचं अत्तर वेगळं, हळदीला आणि लग्नाला वेगळं, गावाला वेगळं. मला काय अडाणी समजलात? बाबांचं वाक्य मी त्यांना ऐकवलं. चाचांच्या सुरम्याच्या कडा बारीक झाल्या आणि ते म्हणाले, शुक्रवारी नमाजनंतर या.

शुक्रवारी तीन शिश्या तयार होत्या. एकीच्या गळ्यात लाल दोरा, एकीच्या हिरवा, एकीच्या पांढरा.

लाल सौद्यासाठी, चाचा म्हणाले. कानामागे एकच टिपका. समोरच्याला तो टेबलापलीकडून कळू नये, वाकून बोलावं लागलं तर कळावा. वाकला की तो तुमच्या बाजूला आला.

हिरवा लग्नाचा. आमच्याकडच्या हळदी तुम्हाला माहीत आहेत. अंगावर हळद थापतात, वर घाम, वर नाच, बेंजो थांबायचं नाव घेत नाही. चाचा म्हणाले, अशा जागी कातडीवर लावलेलं सगळं वाया जातं. आतल्या बनियनला छातीवर लावा आणि वरून पांढरा शर्ट घाला. शर्टाला लावलंत तर डाग पडेल आणि बायको माझ्या नावाने बोंब मारेल. नाचून अंग तापेल तसतसं ते आतून वर येईल.

पांढरा गावासाठी. अंघोळ झाली की ओल्या मनगटावर, घरातून निघायच्या बऱ्याच आधी. वरचा भडक वास रस्त्यातच जाऊ द्यायचा. माणूस घरी पोचावा तेव्हा फक्त तळ उरावा. आपल्या माणसांत अत्तर पुढे आणि आपण मागे, असं जायचं नसतं, म्हणाले.

चाचांना माझं म्हणणं पटलं, असं मला वाटलं. मी भाव पाडला, त्यांनी पाडू दिला, आणि मी खूश होऊन निघालो. खरं सांगतो, तिन्ही अत्तरं चालली. बिल्डर वाकले. हळदीत पोरं विचारायला आली, काका कुठलं लावलंय. आणि गावात कोणी काही विचारलं नाही, म्हणजे चाचांनी सांगितलं होतं तसंच झालं.

पुढे बाबा गेले. आयेची नजर हळूहळू कमी होत गेली आणि मग गेलीच. ऑपरेशनची वेळ टळून गेली होती, डॉक्टर म्हणाले. कानही मंदावले. ती ओटीवर बसलेली असायची आणि कोणी आलं की हात पुढे करायची. दादूस, वयनी, शेजारीण, सगळ्यांना हात चाचपून ओळखायची. मला मात्र चाचपावं लागायचं नाही. मी पायरी चढलो की तिचं नाक वर व्हायचं आणि ती म्हणायची, "आयलास?"

ते एक "आयलास" ऐकण्यासाठी मी पांढऱ्या दोऱ्याची शिशी जिवापाड जपली. वासच तिला माझी ओळख होता. एकदा लावायचं विसरलो ते फाट्यावर आल्यावर आठवलं, तर तिथूनच गाडी वळवून पनवेलला परत गेलो आणि लावून आलो. दादूस अजून त्यावरून चिडवतो, "नवरीपन इतकी नटत नाय रं."

मग तो दिवस आला. एका बिल्डरशी जुन्या दरावरून माझं कडाक्याचं वाजलं होतं. कानामागे लाल दोऱ्याचं अत्तर, डोक्यात आग. तेवढ्यात दादूसचा फोन आला, आय ओटीवरून उतरताना पडलीय, ये. मी तसाच निघालो. वाटेत उलव्याच्या अलीकडे लक्षात आलं की मनगट कोरं आहे. वळायला वेळ नव्हता. आता ती आपल्याला ओळखणार नाही, पडलेल्या अवस्थेत परक्या माणसासारखा आपला हात चाचपेल, या भीतीने मला गाडी चालवणं सुधरेना.

तिला खाटेवर निजवलं होतं. हाड शाबूत होतं, पाय सुजला होता. मी दारात पाऊल टाकलं आणि काही बोलायच्या आत ती म्हणाली, "आयलास? आज कुनाशी भांडून आयलास?"

मी विचारलं, तुला कसं कळलं.

"तू तापलास का तुजा वास वाढतो," ती म्हणाली. "वास नेमीचाच हाय."

त्या वेळी मी नुसता तिच्या उशाशी बसलो. तिने माझा हात नाकाशी नेला, कोऱ्या मनगटावर काही नव्हतं, तरी तिने तो सोडला नाही. घरी परतताना मात्र माझं डोकं चालायला लागलं. लाल लावलेला असताना तिला पांढऱ्याची ओळख कशी पटली? गाडी बाजूला घेतली. लाल आणि हिरवी शिशी गाडीच्या कप्प्यात असायचीच. दोन्ही हुंगल्या. मला काही कळेना, माझं नाक केव्हाचंच झोपलेलं. घरी जाऊन बायकोसमोर तिन्ही ठेवल्या. तिने एकेक हुंगली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला पाणी ओलं असतं का विचारलंय. हे वेगळे कधी होते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चाचांच्या बैठकीवर मी तिन्ही शिश्या आपटल्या. गल्ली जमा होईल एवढा ओरडलो. शिंपी कात्री घेऊनच बाहेर आला. चाचा शांतपणे म्हणाले, "एवढी वर्षं लागली, म्हात्रेशेट? सौद्यात तर इतके ढिले नव्हतात." मग म्हणाले, "एक देत होतो तेव्हा मला चोर म्हणालात. तीन दिल्या तेव्हा इमानदार झालो. मी काय करायचं होतं?"

मी म्हणालो, तीन वेगळ्या म्हणून दिल्यात. ते म्हणाले, लावायच्या तीन रीती वेगळ्या दिल्या की नाही? कुठे किती लावायचं आणि कधी लावायचं, हे कोणत्या मॉलमध्ये मिळतं? खुशबू एकच होती, कारण माणूस एकच होता.

असल्या गोड बोलण्याने मी विरघळत नाही. फसवणूक ती फसवणूक. पण मी खरं बोलणारा माणूस आहे, म्हणून हेही लिहितो, की मला इतक्या नजाकतीने दुसऱ्या कोणी फसवलेलं नाही. माझा स्वभाव त्यांनी पहिल्याच भेटीत तोलला होता. मी तागडी बघत होतो आणि ते माणूस बघत होते. आणि मी तिन्ही शिश्या परत घेऊनच घरी आलो, हेही खरं.

गेल्या वर्षी चाचा दुकान बंद करून शारजाला मुलाकडे गेले. मला न सांगता. दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी तिन्ही शिश्यांतलं उरलेलं एका शिशीत ओतलं, तरी तळच दिसतो. ती शिशी घेऊन मुंबईचे मोठमोठे अत्तरवाले पालथे घातले. खस आहे, थोडा ऊद आहे, म्हणतात, आणि मग मान हलवतात, अजून काहीतरी आहे. त्यातल्या एकाने तसंच बनवून दिलं. ते लावून मी गव्हाणला गेलो. पायरी चढलो. आयेचं नाक वर झालं, मग खाली आलं, आणि तिने हात पुढे केला. "पावना कोन हाय?" असं तिने दादूसला विचारलं. दादूसला हसू आलं, पण माझं तोंड बघून तो आत निघून गेला.

चाचांना फोन लावला. तिकडून हसले. म्हणाले, अत्तर निमित्त होतं शेट, बाकीचा वास तुमचाच. मी विचारलं, तसं असतं तर आयेने मला ओळखलं नसतं का? कृती मागितली, तिथला पत्ता मागितला, तर बोलणं मुलाच्या एसी घरावर आणि तिथल्या कोरड्या हवेवर नेलं. त्यांनाही तिथे करमत नाही, हे मला कळलं. ते माझ्या हिशेबात येत नाही.

पनवेलला माझे तीन फ्लॅट आहेत. पण कोणी घर कुठे विचारलं, तर मला ती गव्हाणची पायरी आठवते, जिथे मला न बघता, न ऐकता कोणीतरी "आयलास?" म्हणतं. आता शिशीत चार-सहा वेळांपुरतं अत्तर आहे आणि आय थकली आहे. म्हणून चाचा, सगळ्यांसमोर विचारतो. माझ्या आयेच्या दारातली माझी ओळख तुम्ही तुमच्या शिशीत भरून ठेवलीत आणि कृती सोबत घेऊन शारजाला गेलात. खस आणि ऊद मला कळले. तिसरं काय होतं? फोनवर हसू नका. जबाब द्या.