दाराजवळची गादी

भूकंपात नणंदेचं गाव दगडमातीखाली गेलं. नवरा चार दिवस तिकडं माती उपसून आला आणि घरातली खाट अंगणातल्या पत्र्याच्या शेडात नेऊन टाकली. त्यानंतर पाच वर्षं तो घराच्या छताखाली गेला नाही. म्हणायचा, "पत्रा पडला तर टेंगूळ येतं. माणूस मरत न्हाई."

मला त्याचं काही नव्हतं. पण पोरगी दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. मुखेडकडची हुशार पोरं तेव्हा क्लाससाठी लातूरला पळत होती. तिलाही खोली मिळत होती, तिसऱ्या मजल्यावर.

"लातूर? अन् तिसरा मजला? पोरीला गाडायला पाठवू का?" नवरा म्हणाला.

मी चौथीत शाळा सोडली, म्हणजे सोडायला लावली. पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. नवरा माझं ऐकत नव्हता, पण भगव्या कपड्याला मानायचा. म्हणून त्याला उमरीकडच्या एका मठात नेलं. तिथं तो लिंबाखालीच बसला. महाराज बाहेर येईनात, हा आत जाईना. शेवटी मी एकटीच गेले.

महाराज म्हणाले, "नाम घे माय, धरणी हलत नाही."

सभामंडप एवढा मोठा, पंखे आत, आणि महाराजांची गादी अगदी दाराला लागून. खडावांची तोंडंही बाहेर.

मी विचारलं, "मग गादी दारात का?"

"हवा येते."

मी अंगारा घेऊन बाहेर आले.

शेजारीण बौद्ध. ती म्हणाली, "आमच्या भंतेजींकडं चला, ते बाहेर येऊन बसतात." दुसऱ्या दिवशी नायगावकडच्या विहारात गेलो. भंतेजी खरंच झाडाखाली येऊन बसले. मी भाकरीचं फडकं सोडून पुढं केलं, तर म्हणाले, "बारानंतर आम्ही जेवत नाही."

"मग सकाळी दाबून जेवता का?"

शेजारणीनं मला चिमटा काढला. भंतेजी हसले. "हो, दाबूनच."

मग नवऱ्याला सांगू लागले की जे बांधलं ते पडतं, घर काय, शरीर काय, टिकणारं काहीच नाही. नवरा ताठ बसला. "तेच मी पाच वर्षं सांगून राहिलो!"

मी भडकले. "भंतेजी, तुम्ही तर यांनाच पास केलं की. माझ्या पोरीचं काय?"

भंतेजी नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही खोली पाहिली का?"

"न्हाई."

"पाहून या. मग नाही म्हणा."

परत येताना एसटीत मी नवऱ्याला महाराजांच्या गादीची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की कंडक्टर वळून बघायला लागला.

लातूरला त्यानं तिसरा मजला खालूनच नाकारला आणि दिवसभर हिंडून तळमजल्यावरची एक खोली शोधली. घरमालकीण म्हणाली, "आत या की, दादा." तो उंबऱ्यावर उभा राहिला. घाम फुटला होता. मग गेला आत. भिंतींवर मूठ आपटली, स्लॅब बघितला आणि पोरीची खाट फरफटत दाराशी आणली.

"बाबा, येणाऱ्या-जाणाऱ्या पोरी तुडवतील मला!"

"तुडवू दे. चपला उशाशी ठेव. तोंडं बाहेर."

एवढं बोलून तो बाहेर पळाला. घरी आल्यावर परत पत्र्याखाली.

पोरगी दोन वर्षं तिथं राहिली. बाप एसटीत बसला की ती खाट आत सरकवायची, आणि तो येणार असला की पुन्हा दाराशी. मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही.