सात घोडे आणि बसची सीट

भाऊसाहेबांनी मोबाइल टेबलावरून माझ्याकडे सरकवला. "आता आमची प्रेरणा बघा," ते म्हणाले.

स्क्रीनवर त्यांच्या मोशीतल्या नव्या बंगल्याचा हॉल होता. भिंतभर चित्र आणि चित्रात उगवत्या सूर्यासमोरून उधळलेले सात पांढरे घोडे. "सीटवर हेच पाहिजे."

माझ्या शेजारी बसलेल्या इरफानने पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच बंद केली.

मी चाकणच्या एका कंपनीत बसच्या सीटचं कापड डिझाइन करते. लोकांना वाटतं ते कापड असंच कुठून तरी येतं. आमच्याकडे ते इरफान आणि मी काढतो. भाऊसाहेब आमचं मोठं गिऱ्हाईक. पूर्वी त्यांची शेती होती, आता माणच्या आयटी पार्कला त्यांच्या बस जातात.

आमच्या कामात मूड बोर्ड नावाचा एक प्रकार असतो. डिझाइन करण्याआधी चित्रं, फोटो, रंगांचे तुकडे एका बोर्डावर चिकटवायचे आणि त्यातून प्रेरणा घ्यायची. प्रत्यक्षात आम्ही आधी कापड तयार करतो आणि मीटिंगच्या आदल्या दिवशी त्याला शोभेल अशी प्रेरणा शोधतो. लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवून घ्यावी तसं.

आमचे नवे बॉस दीपक सर यांना हे माहीत नव्हतं. आपल्याला प्रेरणा देणाऱ्या कलाकृतीबद्दल डिझायनरांनी क्लायंटसमोर बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. वर म्हणाले, "या वेळी ऑर्डर गेली तर कापड रेडीमेड घेऊ. तुम्ही दोघं पर्चेसला."

पर्चेस म्हणजे दिवसभर नटबोल्टची कोटेशनं मागवणं. इरफान घाबरला. मी त्याच्याहून जास्त घाबरले, कारण रंगाखेरीज मला दुसरं काही येत नाही.

तर या मीटिंगमध्ये आधी इरफान एका परदेशी चित्रकाराच्या निळ्या चौकोनांवर बोलला. त्यात 'अवकाश' आणि 'एकटेपणा' हे शब्द बऱ्याचदा आले. मी वाळवंटाच्या एका चित्रावर बोलले. ते मी सकाळी पोहे खाताना शोधलं होतं. माझं तपकिरी कापड खरं तर वाळवंटातून आलंच नव्हतं. चाकणच्या रस्त्यावर धावलेल्या एका जुन्या बसच्या सीटवर मी ओला रुमाल फिरवला होता आणि रुमालाला लागलेल्या रंगाशी धागा जुळवला होता. म्हणजे मळ दिसणार नाही. पण असलं मीटिंगमध्ये कोण सांगतं?

भाऊसाहेब कंटाळून सही करतील, असा आमचा हिशोब होता. त्यांनी मन लावून ऐकलं आणि त्यांनाच स्फूर्ती आली.

मी समजावायला घेतलं. "भाऊसाहेब, कापडावर चित्र ठराविक अंतराने परत परत येतं. त्याला रिपीट म्हणतात. शिवताना ते कापलं जातं. घोड्याचं तोंड एका सीटवर आणि मागचे पाय दुसऱ्या सीटवर येतील."

"येऊ द्या की."

"काहींच्या तोंडावर माणसं बसतील."

ते थबकले. "ते बरं न्हाई. शुभ असत्यात घोडे."

"घोड्यावर बसतातच ना," इरफान पुटपुटला.

"पाठीवर बसत्यात, तोंडावर न्हाई."

दीपक सर मध्ये पडले. "घोडे लहान केले तर?"

"लांबून झुरळं दिसतील, सर," इरफान म्हणाला.

काचेपलीकडे पर्चेसवाले फोनवर कुणाशी तरी वॉशरच्या भावावरून हुज्जत घालत होते. मला तिथे जायचं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "या चित्रात तुम्हाला नेमकं काय आवडतं?"

भाऊसाहेबांनी मोबाइल परत घेतला. "लहानपणी आमी बैलगाडा शर्यतीला जायचो. बैल समोरनं कधी गेलं ते कळायचंबी न्हाई. मागं नुसता धुरळा. तो खाली बसंस्तवर आमी पोरं हलायचो न्हाई. हितं घोड्यांच्या पायात बघा, ताई. तोच धुरळा हाय. रोज चहा पिताना मी तेवढाच बघतो."

मला गलबलून आलं. आमच्या दोघांच्या प्रेरणा उसन्या होत्या, त्यांची खरी होती.

मी फोटो मोठा केला, घोड्यांच्या पायांपाशी नेला आणि शेजारी माझं कापड ठेवलं. रंग जुळला. धूळच होती ती, जुळणार नाही तर काय. "घोडे पुढे गेले, भाऊसाहेब. सीटवर धुरळा ठेवू."

त्यांनी कापडावरून हात फिरवला. "मळत न्हाई ना?"

"मळलेलं दिसत नाही," मी म्हणाले. माझ्या कापडाबद्दल त्या दिवशी मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य होतं.

ऑर्डर मिळाली. इरफान आणि मी जागेवर राहिलो.

बस सुरू झाल्यावर भाऊसाहेबांचा फोन आला. "ताई, आयटीची पोरं तक्रार करत्यात. म्हणं, नव्या गाडीच्या सीटा मळक्या हायेत."

माझ्या डोळ्यांसमोर वॉशर आले. "मग?"

"मग काय, ते सात घोड्यांचं चित्र लावलं. दर गाडीत, ड्रायव्हरच्या पाठीमागं. आता समजंल त्यांना."

प्रेरणा नुसती गिऱ्हाइकाला पटवून भागत नाही, बसणाऱ्यालाही पटावी लागते, एवढं मी यातून शिकले. परवा सीटची शिलाई तपासायला त्यांच्या बसमधून माणला गेले. शेजारी एक मुलगी आली. तिने रुमालाने सीट पुसली. समोरच्या घोड्यांकडे नीट पाहिलं. मग परत एकदा सीट पुसली आणि बसली.