तक्त्यावरची पहिली ओळ

रशीदभाईंच्या नसरीनचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो. "काका, अब्बा गेले. पहाटे, झोपेतच," ती म्हणाली. मंडईत भाजी महागल्याचं कुणी सांगावं तसं मी "हो का" म्हणालो आणि पुन्हा चष्मा शोधू लागलो. तो माझ्या कपाळावरच होता. रशीदभाईंनी बनवून दिलेला शेवटचा चष्मा... या गोष्टीला सात आठवडे झाले, तरी अजून जाग आल्या आल्या वाटतं, की तो फोन मी नीट ऐकलाच नसेल.

रशीदभाईंचं चष्म्याचं दुकान मंडईच्या मागच्या बाजूला होतं. मी एका फिल्म सोसायटीचा चिटणीस आणि ते तिचे सर्वांत तिरकस सभासद. आम्हा दोघांना एका परदेशी दिग्दर्शकाचं वेड लागलं होतं. त्याचं नाव धड उच्चारता येत नसे, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'म्हातारा' म्हणायचो. त्याच्या चित्रपटांत स्वप्नात घडावं तसं काहीही घडे, आणि बघताना ते अगदी खरं वाटे. असे त्याचे नऊ चित्रपट. दर वर्षी गणपती उठले की पुढच्या रविवारी दुकानाचं दार ओढून घेऊन आम्ही त्या नवांचा क्रम लावायला बसायचो. नंबर तपासायच्या एका जुन्या तक्त्याची पाठ कोरी होती, तिच्यावर ते लिहीत. पहिला चित्रपट वितीएवढ्या अक्षरांत, दुसरा त्याहून बारीक, आणि नववा मुंगीएवढा. आधी पेन्सिलीनं. दोघांचं एकमत झालं तरच शाई, हा नियम. खालच्या सात ओळी कधी ना कधी शाईच्या झाल्या. वरच्या दोन तेवढ्या पेन्सिलीतच राहिल्या, पहिलीत ते 'पायऱ्या' लिहीत आणि मी मान हलवत असे.

'पायऱ्या' आम्ही पहिल्यांदा पाहिला तो माझ्याच हातून. ऑपरेटर आजारी होता म्हणून त्या दुपारी प्रोजेक्टरपाशी मी होतो. तीन रिळं, डब्यांवरच्या चिठ्ठ्या निघालेल्या. दुसरं म्हणून मी जे लावलं त्यात एक बाई धुक्यातल्या लांबलचक पायऱ्या उतरत गेली, खाली खाली, तिचा फक्त पांढरा रुमाल दिसत राहिला, मग तोही दिसेना. आणि पडद्यावर 'समाप्त'ची पाटी आली! पण आणखी एक रीळ शिल्लक होतं. ते लावण्यावाचून इलाज नव्हता. लावलं, तर तीच बाई स्वयंपाकघरात उभी, ओल्या केसांनी टेबलावर ताटल्या मांडत होती, आणि खिडकीतून एकेक पक्षी येऊन आपापल्या खुर्चीवर बसत होता.

कुणालाही चूक कळली नाही. चित्रपट समजला नाही असं पुण्यात कोण कबूल करणार? नंतरच्या चर्चेत एका प्राध्यापकांनी "शेवटानंतरही आयुष्य चालूच असतं, हे दिग्दर्शकाचं मुख्य विधान आहे" असं पंधरा मिनिटं सांगितलं. मी खाली मान घालून रिळं गुंडाळत होतो.

घरी जाताना रशीदभाई आणि मी कालव्याच्या कडेनं चालत होतो. खडकवासल्याहून आलेलं पाणी अगदी सावकाश वाहत होतं, दिवेलागणीची वेळ होती, आणि मला आपण अजून त्या पडद्यातच चालतोय असं वाटत होतं. त्यांच्या पत्नी सलमाभाभींना जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. एरवी कुणाचीही खिल्ली उडवणारा हा माणूस पाण्याकडे बघत थांबला. मग कठड्याला टेकून म्हणाला, "ती परत आली हो, कुलकर्णी."

त्यावर मी काय सांगणार? की चूक माझी आहे, म्हाताऱ्याच्या चित्रपटात ती आधी ताटल्या मांडते, मग जाते आणि येत नाही? माझी जीभ रेटली नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पण त्या चित्रपटाला पहिला नंबर देऊन शाई लावायची म्हणजे खोट्यावर सही करायची, असं मला वाटे. म्हणून मी दर वर्षी 'तळ्यातलं कपाट'ची बाजू घेऊन भांडायचो. "तुमचं ते कपाट उत्तम आहे," ते म्हणत, "चादरी ठेवायला." मी हसायचो, आणि घरी आल्यावर दिवसभर मला अपराधी वाटत राहायचं. मित्राला आपण तीसेक वर्षं फसवतोय, हे काही हसण्यावारी न्यायचं नव्हतं.

गेल्या रविवारी नसरीननं दुकान आवरायला बोलावलं. "हा तक्ता तुमचाच, काका," ती म्हणाली. "आणि ही एक सीडी, बघायची असेल तर घेऊन जा. मी दुबईहून आणलेली, दहा वर्षं झाली असतील. अब्बांनी एकदाच लावली, मग कपाटात ठेवून दिली." सीडीवर धुक्यातल्या पायऱ्यांचं चित्र होतं.

मी तिथंच, नंबर तपासायच्या खुर्चीवर बसलो. दहा वर्षं! म्हणजे दहा गणपती त्यांनी सगळं माहीत असून माझ्याशी त्याच चित्रपटासाठी कडाक्याचं भांडण केलं. तक्ता उजेडात धरला. नवव्या चित्रपटाच्याही खाली, कधी नव्हती अशी एक दहावी ओळ होती, इतकी बारीक की चष्मा पुसून पुन्हा लावावा लागला. 'कुलकर्णी, रिळं चुकली होती. तुम्ही सांगितलं नाहीत, फार बरं केलंत. मला तुमचाच सिनेमा आवडतो.'

मला रडू आवरेना. नसरीन चहा सांगायला गेली.

आता तो तक्ता माझ्या खोलीत, पलंगासमोरच्या भिंतीवर आहे. नियमाला दोघं लागतात, पण त्यांचं मत तीस वर्षं बदललं नव्हतं, अडलं होतं ते माझंच. मी शाईचं पेन काढून पहिली ओळ हळूहळू गिरवली. सकाळी जाग आली की ती दिसते. अक्षरं मोठी आहेत, चष्मा लागत नाही.