उज्जैनच्या पायऱ्यांवर मी पडलो नाही

माझा उजवा घोटा मोडला तो मंदिराच्या पायऱ्यांवरून घसरून नव्हे. आमच्या उमापूरकडे अजून तसंच सांगतात, आणि सांगणारी माणसं माझ्याच भावकीतली आहेत. मी विमानातून उडी मारली. पाठीला दुसरा माणूस बांधलेला होता, वर छत्री होती, पण उडी ती उडीच. पूर्ण शुद्धीत मारली. कोणी फूस लावली नाही, कोणी फसवलं नाही. हे लिहून ठेवायचं कारण असं की नंतर काही दिवस मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं एका पोरीच्या मुळावर येणार होतं.

ती पोरगी म्हणजे माझी नात, थोरल्या मुलाची मुलगी. पुण्यात कंपनीत नोकरी करते. आमच्या घरात हातात कोयता न धरता पोट भरणारी ती पहिलीच. दिवाळीला आली तेव्हा तिने मोबाईलवर तिच्या मैत्रिणीची उडी दाखवली. उज्जैनजवळच्या एका धावपट्टीवर थंडीत काही दिवस हे चालतं म्हणाली. बाकीची मंडळी ‘येडे हायती हे’ म्हणत जेवायला बसली. मी तिला ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

चित्रात मैत्रिणीच्या पाठीला एक माणूस पट्ट्यांनी आवळून बांधला होता. मी विचारलं, ह्या दोघांना मिळून एक धरतात का? आमच्या ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता असतो. एकटा माणूस अर्धा कोयता. माझी बायको गेली त्या साली मुकादमाने मला अर्ध्यात धरलं आणि पुढच्या साली धरलंच नाही. तेव्हापासून मी शेळ्या राखतो. नात म्हणाली, दोघं मिळून एकच उडी.

“मग मला जायचंय,” मी म्हणालो.

ती हसली. मी हसलो नाही.

कशासाठी जायचंय, हे मला नंतर शंभर जणांनी विचारलं. मला जावंसं वाटलं. वीस वर्षांच्या पोराने हे उत्तर दिलं तर लोक डोक्याला हात लावून गप्प बसतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने दिलं की त्याला डॉक्टरकडे न्या म्हणतात. मला दुसरं उत्तर सापडलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

नात नाहीच म्हणत होती. मी फोन करकरून तिच्या मागे लागलो. शेवटी ती म्हणाली, पप्पा हो म्हणत असतील तरच. मी म्हणालो, विचारलंय, हो म्हणालाय. विचारलं नव्हतं. मुलाला सांगितलं की नातीबरोबर महाकालाच्या दर्शनाला चाललोय. दोन्ही खोटं माझं. दर्शन मात्र मी घेतलं, ते खरं.

धावपट्टीवर डॉक्टरने छाती तपासली, रक्तदाब पाहिला आणि माझे हात उलटेसुलटे करून बघत राहिला. तुमच्यापेक्षा तरुण माणसांना मी परत पाठवलंय म्हणाला. मग धोतर चालणार नाही असं निघालं. जन्मात पँट घातली नव्हती, ती तिथल्या एका पोराची घातली. कवळी काढून नातीच्या रुमालात दिली. टोपीही तिच्याकडे. असा बोडका, बोळका, पँटीतला मी. नात तोंड फिरवून हसत होती आणि मधूनच डोळे पुसत होती.

माझ्या पाठीला बांधायचा तो हरियाणाकडचा तरणा गडी होता. त्याने हिंदीत समजावलं. उडी मारताना पोट पुढे काढायचं, पाय मागे घ्यायचे. उतरताना दोन्ही पाय वर उचलून समोर सरळ धरायचे, बसल्यासारखं यायचं. बाकावर बसवून माझ्याकडून करून घेतलं. मी पाय उचलून दाखवले. शाब्बास बाबा म्हणाला.

विमानात बाकडी नव्हती. कारखान्याला जाताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतो तसं एकाच्या पायांत दुसरा असं खाली बसायचं. दार उघडल्यावर जो वारा आत आला, त्याने मला पहिल्यांदा भीती वाटली. खरी भीती. मागे सरकायला जागाच नव्हती, मागे तो गडी होता. मी पाय बाहेर सोडले. तो पुढे झुकला आणि आम्ही गेलो.

पडतोय असं वाटलंच नाही. खालून कुणीतरी उचलून धरतंय असं वाटलं, आणि कानात इतका आवाज की विचार करता येईना. गाल फडफडत होते. मी ओरडलो की नाही ते मला माहीत नाही, गड्याच्या मनगटावरच्या कॅमेऱ्यात सगळी उडी आली होती, ती बघून नात म्हणते ओरडलात. मग वर हिसका बसला आणि सगळं शांत झालं. इतकं शांत की गड्याचा श्वास ऐकू येत होता. खाली गव्हाची हिरवी वावरं, विहिरी, एक रस्ता. ऊस कुठेच नव्हता. त्याने दोऱ्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, खींचो बाबा. मी उजवीकडची ओढली तर सगळी जमीन फिरली. मी ती आणखी दोनदा फिरवली.

मग जमीन जवळ आली. “पैर ऊपर, बाबा, पैर ऊपर,” तो म्हणाला. मला नीट ऐकू आलं, नीट कळलंही. पण बाकावर शिकताना पाठीवर कोणी नव्हतं. आता होतं. उभा जन्म मी उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढलो. तिथे अंगावर ओझं असलं की पहिली टाच रोवायची. पाय उचलला की माणूस मोळीखाली गेलाच. डोकं ‘वर’ म्हणत होतं आणि पायांनी त्यांना ठाऊक होतं ते केलं. मी दोन्ही टाचा घट्ट रोवल्या. घोट्यातून ओली फांदी मोडल्यासारखा आवाज आला. त्या पोराची काही चूक नव्हती.

प्लास्टर घालून घरी आलो. माझा चुलतभाऊ गावात पुढारी म्हणून वावरतो. त्याने उडीचं ऐकून घेतलं आणि दोन गोष्टी ठरवल्या. गावात सांगायचं की पायऱ्यांवरून पडले. आणि पोरीला पुण्याला परत पाठवायचं नाही. म्हाताऱ्याला दर्शनाच्या नावाखाली मारायला नेलं, बापाला फसवलं, आता नोकरी बंद, लग्न उरकून टाका. माझ्या मुलाने मान डोलावली. नात भिंतीला टेकून उभी होती. ती एकदाच म्हणाली, “आबाला विचारा.” आणि माझ्याकडे बघितलं.

मी प्लास्टरकडे बघत बसलो.

विमानाच्या दारातून पाय बाहेर टाकणारा मी, पोटच्या पोरापुढे ‘मी खोटं बोललो’ एवढं म्हणू शकलो नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कितीतरी दिवस नाही. नात मला वेळेवर गोळ्या देत होती, चहा देत होती.

मग लिंबागणेशकडचे पाहुणे तिला बघायला आले. मुलगा, त्याचे आईबाप. पोहे झाले. चुलतभाऊ रंगात आला.

“आमचे दादा लई भाविक,” तो पाहुण्यांना सांगू लागला. “उज्जैनला दर्शनाला गेलते, पायऱ्यांवरून घसरले.”

“घसरलो न्हाई,” मी म्हणालो. “इमानातून उडी मारली.”

सगळे माझ्याकडे वळले. मी माझ्या मुलाकडे बघून बोललो. “पोरीला मी सांगितलं की तुला विचारलंय. तुला सांगितलं की दर्शनाला चाललोय. खोटं बोललो ते मी. तिनं कुणालाच फसवलं न्हाई.”

चुलतभाऊ हसला. “दादाला औषधाची गुंगी हाय.”

“गुंगी तुला आली असंल बे. पोरी, मोबाईल आण. दाखव पाव्हण्यांना.”

नात आत गेली. मोबाईल घेऊन आली. बोडका, बोळका मी त्या दारातून बाहेर पडताना सगळ्यांनी पाहिला. नवऱ्या मुलाच्या आईने तोंडाला पदर लावला. त्याच्या बापाने मोबाईल हातात घेऊन परत पाहिलं आणि हळूच विचारलं, “भ्या न्हाई वाटलं?”

“लई वाटलं.”

त्याला आणखी विचारायचं होतं, पण बायकोने खुणावलं. कळवतो म्हणून ते उठले. कळवायचं काही राहिलं नव्हतं. ते गेल्यावर चुलतभाऊ म्हणाला, सोयरीक मोडली तुम्ही. मी म्हणालो, मोडायलाच बोललो. तेव्हापासून तो आमच्या ओट्यावर येत नाही. येऊ नये.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मुलाने मोटारसायकल काढली, तिची बॅग पुढे घेतली आणि तिला गेवराईच्या स्टँडवर पुण्याच्या बसमध्ये बसवून आला. परत येऊन माझ्या खाटेजवळ बसला.

“उडीचं मी काय म्हणत न्हाई आबा,” तो म्हणाला. “ती तुमच्याकडं बघत व्हती तवा कावून गप बसला?”

उडीबद्दल कुणीही यावं, विचारावं, मी मान वर करून सांगतो. हे मात्र तिलाच सांगायचं होतं. मी त्याला म्हणालो, तिला फोन लाव. त्याने लावून माझ्या हातात दिला. बसचा आवाज येत होता.

“पोरी, मी तवाच बोलायला पायजे व्हतं.”

“व्हय आबा,” ती म्हणाली. “पायजे व्हतं.”