अर्जावरचं खरं कारण

मंगळवार पेठेतल्या घरातलं कपाट आवरताना बाबांचा वकिलीचा काळा कोट हाती आला आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर ती सकाळ आठवली. मी नववीत होते. दुपारी गडहिंग्लजला माझा कबड्डीचा अंतिम सामना होता, बाबांनी येतो म्हणून शब्द दिला होता, आणि नेमकी त्याच दिवशी त्यांच्या एका खटल्याची कोर्टात तारीख लागली. खेळाच्या कपड्यांतच मी त्यांच्यामागे कोर्टात गेले. डोक्यावर पंखा करकरत होता. त्यांचे म्हातारे अशील हसून म्हणाले, "जावा की वकीलसाहेब, माझी जमीन कुठं पळून जातीया?" बाबा तारीख पुढे ढकलायला मुदतीचा अर्ज लिहायला बसले, तसा कारकून त्यांच्या कानाशी लागला, "साहेब, तब्येत बरी न्हाय म्हणून लिवा की! सगळेच लिवत्यात." "तब्येत ठणठणीत हाय माझी. पोरीसमोर खोटं लिहू व्हय?" म्हणत बाबांनी सरळ लिहिलं, 'मुलीचा कबड्डीचा सामना पाहावयाचा आहे.' न्यायाधीशांनी अर्ज दोनदा वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "असं कारण आजवर कुणी लिहिलं नव्हतं," म्हणाले आणि त्यांनी सही केली. सामना आम्ही हरलो, पण मैदानाच्या कडेला उभे राहून बाबा शेवटपर्यंत ओरडत होते, "धर तिला! सोडू नको!" आता बाबा नाहीत. कोर्टाच्या आवारात एखादं जुनं माणूस भेटतं, "वकीलसाहेबांची पोरगी न्हवं तू?" म्हणून विचारतं, तेव्हा मी "व्हय!" इतक्या मोठ्यानं म्हणते, की आजूबाजूचे वळून बघतात.