वहिनींनी गॅरेज पाडलं

सगळे त्यांना वहिनीच म्हणत. सासऱ्यांचा घरं पाडायचा धंदा धाकट्या दिरांनी पुढे चालवला, नवरा राडारोड्याचा ट्रक चालवायचा, आणि वहिनी पाडलेल्या घरांच्या विटांवरचं जुनं सिमेंट खरवडत बसायच्या. अकरा वर्षं. नुसती वीट हातात घेऊन त्या भिंत किती पक्की होती ते सांगत. ऐकायला मात्र कुणाला सवड नव्हती.

मग दीर शिडीवरून पडले. पायाला प्लास्टर लागलं, आणि नेमकी तेव्हाच दातांच्या डॉक्टरांचं गॅरेज पाडायची तारीख आली. डॉक्टरांच्या वडिलांना जिना चढवत नव्हता. त्यांच्यासाठी तिथे खोली बांधायची होती. गल्ली इतकी अरुंद की मशीन आत शिरेना. त्यात गॅरेजची मागची भिंत म्हणजे शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकेच्या स्वयंपाकघराचीच भिंत. दोन ठेकेदारांनी नुसतं बघूनच हात जोडले होते.

"सोडून देऊ हे काम," दीर म्हणाले.

"मी करते की, भाऊजी."

"वहिनी, पाडकाम म्हणजे घर झाडणं नव्हे."

"ठाऊक आहे. अकरा वर्षं तुमच्याच ढिगाऱ्यावर बसलेय."

पहिल्या दिवशी वहिनींनी गॅरेजची वीज आणि पाणी तोडून घेतलं. मग शेजारी जाऊन स्वयंपाकघराच्या भिंतीवर काचेच्या चार पट्ट्या चिकटवल्या.

"ही काय थेरं?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"भिंत केसभर हलली तरी काच तडकेल, बाई. तडकली की हाक मारा. काम तिथेच बंद."

बाईंनी भिंतीसमोर खुर्चीच टाकली.

स्लॅबखाली टेकू लागले. वहिनींनी आधी कटरने स्लॅब सामाईक भिंतीपासून सोडवून घेतला, म्हणजे इकडचे घाव तिकडे पोचणार नाहीत. मग त्याचे लहान लहान तुकडे करून खाली घेतले. तिसऱ्या दिवशी उरली एकच तुळई. वहिनींनी तिच्यावर हातोडी वाजवली, कान लावला, आणि तडक बाईंचं स्वयंपाकघर गाठलं. शंका खरी निघाली. तुळई भिंतीतून आरपार आली होती आणि बाईंचा माळा तिच्यावरच बसला होता.

कामावरचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, "कापून टाकू साफ. कुणाला कळतंय?"

"माळा बाईंच्या डोक्यात आला की सगळ्यांना कळेल."

त्यांनी माळा रिकामा करायला लावला. तीस वर्षांच्या तपासलेल्या वह्यांचे गठ्ठे खाली आले. तुळईला लोखंडी टेकू दिले, आणि गॅरेजच्याच विटा साफ करून बाईंच्या कोपऱ्यात माळ्याखाली खांब उभा केला. तो पक्का होईस्तोवर चार दिवस काम बंद.

दिरांचा फोन आला. "चार दिवस माणसं बसवून ठेवणार? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आहे, म्हणूनच बसवलीत," म्हणत वहिनींनी फोन ठेवला.

चार दिवस सरल्यावर कटर त्यांनी स्वतः हातात घेतला. पात्यावर पाण्याची धार, कानात नुसती घरघर. तुळई दोरांवर अलगद उतरली. कटर बंद झाला.

"चारही काचा शाबूत!" आतून बाई ओरडल्या. "शंभरपैकी अठ्ठ्याण्णव!"

"दोन कुठे गेले?"

"धुळीचे कापले!"

हसता हसता मिस्त्रीला ठसका लागला. नवऱ्याने भर गल्लीत ट्रकचा भोंगा असा वाजवला की लोक खिडक्यांत आले. डॉक्टरांचे वडील काठी टेकत मोकळ्या जागेत शिरले आणि पलंग कुठे ठेवायचा ते दाखवू लागले.

संध्याकाळी दीर कुबड्या घेऊन आले. सामाईक भिंतीवरून त्यांनी हात फिरवला, फट शोधली, सापडली नाही.

"बाजारातलं ते तीन मजली घर आठवतं? दोन्ही बाजूंनी चिकटलेलं. मी नाही म्हणून कळवलं होतं."

"मग?"

"आत्ता हो म्हटलं. करणाऱ्या आमच्या वहिनी आहेत, हेही सांगितलं."

वहिनींनी तोंडावरचा रुमाल सोडला. डोळे भरून आले होते, पण प्रश्न कामाचाच निघाला.

"जिना आतून आहे की बाहेरून?"